मज्जारज्जू, मूत्रपिंड, हृदय : मरणाच्या स्थलांतराचा इतिहास

पाठीचा कणा मोडून मज्जारज्जूला इजा झालेला मनुष्य अखेरीस कशाने मरतो? प्रश्न वैद्यकाचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत किमान तीनदा बदलले आहे, आणि म्हणून तो इतिहासाचाही प्रश्न आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळी उत्तर होते शय्याव्रण आणि मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग. दुसऱ्या महायुद्धानंतरची दोन-तीन दशके उत्तर होते मूत्रपिंड. आज, ज्यांच्या दुखापतीला वीस-तीस वर्षे उलटली आहेत त्यांच्या बाबतीत हृदयविकार पहिल्या काही कारणांत येऊन बसला आहे आणि त्याच्या मागोमाग मधुमेह आहे. न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग अजूनही पुरते हटलेले नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. हा धागा या स्थलांतराविषयी आहे. जरा लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. मज्जारज्जू तुटला म्हणजे पाय लुळे पडतात, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. मात्र त्याच रज्जूतून मूत्राशय, आतडी, घामाच्या ग्रंथी, रक्तवाहिन्यांचे आकुंचन आणि हृदयाची गती यांना जाणारे आदेशही वाहत असतात. न दिसणारे हे नुकसानच पुढच्या साऱ्या कथेचे मूळ आहे.

प्राचीन वैद्यांनी या दुखापतीपुढे हात टेकले होते. एडविन स्मिथ या अमेरिकन गृहस्थाने १८६२ मध्ये इजिप्तमधील लक्सर येथे एक पपायरस विकत घेतला. तो इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या आसपासचा, आणि त्यातील मजकूर त्याहूनही जुना मानला जातो. जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी १९३० मध्ये त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात जखमांची ४८ प्रकरणे आहेत. एकतिसाव्या प्रकरणात मानेचा मणका सरकलेला रुग्ण आहे. त्याला हातापायांची जाणीव उरलेली नाही आणि मूत्र आपोआप ठिबकते आहे. निरीक्षण इतके अचूक, की आजच्या वैद्यकीय विद्यार्थ्यालाही त्यावरून निदान करता यावे. पण निकाल असा, की या आजारावर उपचार करू नयेत. हा निकाल पुढे साडेतीन हजार वर्षे कायम राहिला.

२१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनच्या खांद्यातून शिरलेली गोळी मणक्यात जाऊन रुतली. छातीखालची जाणीव गेली आहे हे त्याने स्वतःच ओळखले. जहाजावरील शल्यवैद्य विल्यम बीटी याच्यापाशीही उपाय नव्हता. सुमारे तीन तासांत नेल्सन गेला. नौदल जगातले सर्वांत बलाढ्य, सेनापती त्या नौदलाचा सर्वांत लाडका, आणि उपचार मात्र तेच, पपायरसातले!

पहिल्या महायुद्धाने अशा रुग्णांची संख्या एकाएकी वाढवली. मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांपैकी सुमारे ८० टक्के पहिल्या काही आठवड्यांतच मरत, असा त्या काळाचा अनुभव अमेरिकन शल्यवैद्य हार्वे कुशिंग यांच्या नावे नोंदला जातो. मरणाचे कारण कणा नसे. एकाच कुशीवर पडून राहिल्याने कातडी सडत असे, आणि मूत्राशयात घातलेल्या नळीतून जंतू आत शिरत. लंडनजवळ रिचमंड येथे १९१६ मध्ये ‘स्टार अँड गार्टर’ नावाचे निवासस्थान अशा सैनिकांसाठी उघडण्यात आले. तेथे शुश्रूषा होती, आस्थाही होती. परंतु रुग्ण परत समाजात जाईल ही अपेक्षा नव्हती.

याच काळातील एक प्रसंग पुढे निर्णायक ठरला. १९१७ साली सायलेशियातील क्योनिग्सह्युट येथील खाणकामगारांच्या रुग्णालयात अठरा वर्षांचा एक मुलगा मदतनीस म्हणून काम करीत होता. कंबर मोडलेला एक धिप्पाड खाणकामगार तेथे आणला गेला. मुलगा त्याच्या नोंदी लिहू लागला तेव्हा डॉक्टरांनी त्याला सांगितले की श्रम घेऊ नकोस, हा काही आठवड्यांचाच सोबती आहे. पाच आठवड्यांनी कामगार जंतुसंसर्गाने मेला. त्या मुलाचे नाव लुडविग गुटमान.

गुटमान पुढे ब्रेस्लाऊ येथे ओटफ्रिड फ्योर्स्टर या नामांकित मेंदूतज्ज्ञाच्या हाताखाली तयार झाला. तो ज्यू होता. नाझींनी ज्यू डॉक्टरांना इतरत्र काम करण्यास बंदी केल्यावर तो ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात गेला. नोव्हेंबर १९३८ च्या हिंसाचाराच्या रात्री दाराशी येईल त्याला भरती करून घ्या, असा आदेश त्याने दिला. दुसऱ्या दिवशी गेस्टापोसमोर एकेका धडधाकट माणसाचे खोटे निदान सांगत तो खाटांमधून फिरला आणि ६४ पैकी ६० जणांना छळछावणीपासून वाचवले. मार्च १९३९ मध्ये तो कुटुंबासह इंग्लंडला पोहोचला. त्याच्या नंतरच्या कामाकडे पाहताना ही रात्र मला नेहमी आठवते. कोणाला वाचवण्याजोगा मानायचे हे ठरवण्याचा अधिकार इतरांच्या हाती राहू द्यायचा नाही, हा हट्ट तेथेही दिसतो आणि नंतरही.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी बकिंगहॅमशरमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात २६ खाटांचा विभाग त्याच्याकडे सोपवण्यात आला. नॉर्मंडीवरील चढाई तोंडावर आली होती आणि कणा मोडलेले सैनिक मोठ्या संख्येने येणार हे सरकारला ठाऊक होते. गुटमानचा मुख्य उपाय ऐकायला अगदी साधा आहे : दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. मूत्राशयाची निगा काटेकोर ठेवायची. रुग्णाला शक्य तितक्या लवकर बसते करायचे, कामाला लावायचे. याच सुमारास पेनिसिलिनही हाताशी आले. औषधाचे श्रेय मोठे आहेच. पण रात्री दोन वाजता उठून रुग्णाची कूस वळवणाऱ्या सेवकांचे नाव कोणत्याही औषधाच्या बाटलीवर नसते, म्हणून ते इतिहासातूनही गळते.

उपचार कोठे आहेत, यावर तेव्हा जगणे किती अवलंबून होते? ९ डिसेंबर १९४५ रोजी जर्मनीतील मानहाइमजवळ जनरल जॉर्ज पॅटनची मोटार लष्करी ट्रकवर आदळली आणि त्याची मान मोडली. बारा दिवसांनी, २१ डिसेंबरला, हायडेलबर्गच्या लष्करी रुग्णालयात तो झोपेतच गेला. डॉक्टरांच्या मते फुफ्फुसात जाऊन अडकलेली रक्ताची गुठळी कारणीभूत होती. निश्चल पायांच्या शिरांमध्ये रक्त साकळते आणि तेथून गुठळी वर सरकते. हृदय आणि रक्तवाहिन्यांचा या दुखापतीशी असलेला संबंध असा अगदी आरंभापासून होता. फक्त इतर कारणांनी माणसे इतक्या लवकर मरत की त्याकडे सवडीने पाहण्याची वेळच येत नव्हती.

पाहणारे थोडे होते. हेन्री हेड आणि जॉर्ज रिडॉक या दोघा ब्रिटिश वैद्यांनी १९१७ मध्येच जखमी सैनिकांत एक विचित्र गोष्ट टिपली होती : मूत्राशय तुंबले की त्यांना दरदरून घाम फुटतो. (हाच रिडॉक पुढे गुटमानला स्टोक मँडेव्हिलला आणण्यात पुढाकार घेणारा.) १९४७ मध्ये गुटमान आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेव्हिड व्हिटरिज यांनी याचा छडा लावला. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल, तर तुंबलेल्या मूत्राशयासारख्या क्षुल्लक कारणानेही खालच्या रक्तवाहिन्या घट्ट आवळल्या जातात आणि रक्तदाब प्रचंड उसळतो. मेंदूला ते कळते, पण थांबा असा निरोप तुटलेल्या रज्जूतून खाली पोहोचत नाही. डोके फुटेलसे दुखते, चेहरा लाल होतो, नाडी मंदावते. वेळीच ओळखले नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. यावरचा प्रथमोपचार आजही तोच आहे : रुग्णाला ताबडतोब ताठ बसवा, घट्ट कपडे सैल करा, मूत्रनळी कोठे मुडपली आहे का ते पाहा. अशा रुग्णाच्या घरातील प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवे.

गुटमान सर्वांना ठाऊक आहे तो खेळांमुळे. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिम्पिकचे उद्घाटन होत असताना स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १६ स्पर्धकांनी, १४ पुरुष आणि २ स्त्रिया, व्हीलचेअरवरून तिरंदाजी केली. १९६० मध्ये रोम येथे २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. तीच पुढे पहिली पॅरालिम्पिक गणली गेली. ही कथा बहुधा जिद्दीची म्हणून सांगितली जाते. माझ्या मते त्यात एक मुद्दा निसटतो. गुटमानच्या दृष्टीने खेळ हा उपचाराचाच भाग होता. खांदे, दंड, तोल आणि दम हे त्याचे हेतू होते. हृदयाला व्यायाम हवा हे सूत्र साऱ्या जगाच्या तोंडी बसण्यापूर्वीच त्याच्या विभागात पाय नसल्यासारखी माणसे हातांनी दमछाक करून घेत होती. त्याच्या स्वभावात वडीलकीचा हेका होता, हेही खरे. रुग्ण त्याला ‘पॉपा’ म्हणत, त्यात प्रेम होते आणि थोडा धाकही.

आता मूत्रपिंडाकडे. जखमी माणसे पहिली काही वर्षे जगू लागली तेव्हा पुढचा शत्रू समोर आला. मूत्राशय पूर्ण रिकामे न झाल्याने मूत्र उलटे वर चढते, वारंवार संसर्ग होतो आणि वर्षानुवर्षांत मूत्रपिंडे निकामी होतात. युद्धातून वाचलेले कित्येक सैनिक अशा रीतीने पंधरा-वीस वर्षांनी गेले. यावर मोठा तोडगा १९७२ मध्ये मिशिगनच्या जॅक लॅपिडिस या मूत्ररोगतज्ज्ञाने दिला. नळी कायम आत ठेवण्याऐवजी रुग्णाने स्वतःच दिवसातून ठरावीक वेळा, स्वच्छ हातांनी ती घालून मूत्राशय रिकामे करावे. ती निर्जंतुक असण्याचीही गरज नाही, असे तो म्हणाला तेव्हा सहव्यावसायिकांना धक्का बसला. गुटमानच्या विभागात हीच क्रिया अतिशय कडक निर्जंतुक पद्धतीने होत असे. लॅपिडिसने ती रुग्णालयातून काढून रुग्णाच्या घरच्या न्हाणीघरात नेली. मूत्रपिंडाने होणारे मृत्यू त्यानंतरच्या काळात झपाट्याने घटले.

आणि मग हृदय. १९९२ मध्ये गेल व्हाइटनेक आणि सहकाऱ्यांनी स्टोक मँडेव्हिल व साउथपोर्ट या दोन ब्रिटिश केंद्रांतील, दुखापतीला वीस वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आठशेहून अधिक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीस वर्षांहून अधिक जगलेल्यांत मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हे होते. एका अर्थी ही विजयाची बातमी होती. ही माणसे आता शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखीच मरत होती. पण केवळ तेवढेच नव्हते.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील माजी सैनिकांच्या रुग्णालयात विल्यम बाउमन आणि ॲन स्पंगेन यांनी १९९४ मध्ये जे मांडले त्याने हा दिलासा फोल ठरवला. त्यांनी मज्जारज्जूची इजा असलेल्या १०० माजी सैनिकांची साखर पाजून रक्ततपासणी केली आणि तुलनेसाठी ५० धडधाकट माजी सैनिक घेतले. पहिल्या गटात २२ टक्के मधुमेही निघाले, दुसऱ्यात ६ टक्के. शरीर अकाली म्हातारे होते आहे, असा अर्थ त्यांनी लावला. हे तेच रुग्णालय, ज्याच्या दुरवस्थेची छायाचित्रे १९७० मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने छापली होती. व्हिएतनाममध्ये जखमी झालेला आणि पुढे युद्धविरोधी चळवळीत गाजलेला रॉन कोविक तेथेच पडून होता. ज्या वॉर्डांची लाज वाटावी अशी स्थिती होती, तेथूनच या विषयाचे पायाभूत संशोधन बाहेर पडले!

असे का घडते? लुळ्या पडलेल्या मांड्या आणि पोटऱ्या काही महिन्यांतच वाळतात. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा हेच स्नायू उचलत असतात. ते गेले की साखर रक्तात रेंगाळते, इन्सुलिन अधिकाधिक लागते आणि स्नायूंच्या जागी चरबी साठते. शरीराला लागणारी एकंदर ऊर्जाही घटते, पण ताटातील भाकरी-भात पूर्वीइतकाच राहतो. रक्तातील हितकारक कोलेस्टेरॉल, ज्याला एचडीएल म्हणतात, ते कमी होते. आता यात हृदयाची बाजू मिळवा. हृदयाला धावायला सांगणारे अनुकंपी तंतू छातीच्या वरच्या मणक्यांच्या पातळीवरून निघतात, तर त्याला आवरणारी व्हेगस ही तंत्रिका थेट मेंदूच्या बुंध्यातून येते आणि शाबूत राहते. मान मोडलेल्या माणसाचे हृदय म्हणजे लगाम असलेले पण टाच न मिळणारे घोडे. कितीही श्रम केले तरी ठोके साधारण १२०-१३० च्या वर जात नाहीत. व्यायाम हवा, पण व्यायामाची क्षमताच आखूड झालेली. शिवाय अशा रुग्णाला हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत कळ जाणवेलच असे नाही. कळेचा निरोप नेणारी वाटच तुटलेली असते.

वजनाचा काटाही येथे फसवतो. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय हा अंक जागतिक निकषानुसार ३० झाला की स्थूलता धरतात, आपल्याकडे भारतीयांसाठी २५ धरतात. मज्जारज्जूची इजा असलेल्यांसाठी २००९ मधील एका संशोधनाने ही रेषा २२ वर आणावी असे सुचवले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेत, पक्षाघातग्रस्त माजी सैनिकांच्या संघटनेच्या आधाराने निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी ती स्वीकारली. म्हणजे जो माणूस दवाखान्यात सडपातळ म्हणून गणला जातो, तो प्रत्यक्षात धोक्याच्या पलीकडे गेलेला असू शकतो. त्याच तत्त्वांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम, रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉलची नियमित तपासणी आणि भाज्या, कडधान्ये, मासे यांवर भर असलेला आहार सांगितला आहे. जवळपास त्याच सुमारास कॅनडातून निघालेल्या दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय शिफारशीत हृदयासाठी आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास दम लागेल असा व्यायाम पुरेसा मानला आहे. वाद मिनिटांचा आहे, व्यायामाच्या गरजेचा नाही. प्रत्यक्ष अडचण वेगळीच असते : व्हीलचेअरसकट बसता येईल असा वजनकाटा किती दवाखान्यांत आहे? व्यायामशाळेच्या दाराशी किती पायऱ्या आहेत?

जुने शत्रू मागे सरले, नाहीसे झाले नाहीत. ‘सुपरमॅन’ची भूमिका करणारा क्रिस्टोफर रीव्ह मे १९९५ मध्ये घोड्यावरून पडला आणि मानेखाली निश्चल झाला. पैसा, डॉक्टर, यंत्रे यांची त्याला वाण नव्हती. विजेच्या साहाय्याने स्नायू हलवणारी सायकलही तो नियमित चालवीत असे. ऑक्टोबर २००४ मध्ये वयाच्या ५२ व्या वर्षी तो हृदय बंद पडून गेला, आणि त्यावेळी त्याच्यावर उपचार चालू होते ते चिघळलेल्या शय्याव्रणातील संसर्गावर. पहिल्या महायुद्धाचा मृत्यू आणि एकविसाव्या शतकाचा मृत्यू एकाच खाटेवर भेटले.

भारताचा या इतिहासाशी संबंध केवळ वाचकाचा नाही. वेल्लोरच्या मेरी वर्गीस या तरुण डॉक्टरला १९५४ मध्ये मोटार अपघातात कमरेखाली पक्षाघात झाला. त्यांनी व्हीलचेअरवर बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पुनर्वसन विभाग उभारला. मेजर हरिपालसिंग अहलुवालिया मे १९६५ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले आणि त्याच वर्षी युद्धात गोळी लागून त्यांचा कणा जायबंदी झाला. त्यांच्यावर उपचार झाले ते स्टोक मँडेव्हिलमध्ये. परतल्यावर त्यांनी दिल्लीत ‘इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर’ उभे केले. जानेवारी २०२२ मध्ये ते वयाच्या ८५ व्या वर्षी गेले, दुखापतीनंतर ५६ वर्षांनी.

त्याच युद्धातील दुसरा जखमी आपला, सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा. मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. मणक्यात गोळी रुतल्यावर ते पोहण्याकडे वळले. ऑगस्ट १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार करून भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पॅटन ज्या शहरात बारा दिवसांनी गेला, त्याच शहरात सत्तावीस वर्षांच्या आत हे घडले. पेटकरांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ च्या ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपटामुळे त्यांचे नाव तुमच्यापैकी अनेकांपर्यंत पोहोचले असेल. चित्रपट पदकापाशी रमतो, ते साहजिक आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र पदकानंतरची पन्नास वर्षे अधिक कुतूहलाची वाटतात : त्या शरीराने रोज काय खाल्ले, किती श्रम केले, कोणी काळजी घेतली.

पुण्याजवळ खडकी येथे जायबंदी सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. वेगवेगळ्या काळात जखमी झालेले जवान तेथे राहतात, खेळतात, काम शिकतात. आपल्या युद्धांचे इतिहास लढाईच्या शेवटच्या दिवशी संपतात आणि या माणसांची दप्तरे, पत्रे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या अभिलेखागारात पोहोचत नाहीत. तुमच्या घरात किंवा गावात १९६५, १९७१ किंवा नंतरच्या काळात असे कोणी जखमी झाले असतील, तर त्यांच्या परवानगीने त्यांच्या आठवणी लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवा. प्रश्न विचारताना गोळी कोठे लागली एवढ्यावर थांबू नका. पहिली व्हीलचेअर कधी मिळाली, मूत्रनळी कोण बदलत असे, साखर प्रथम कधी तपासली, हेही विचारा.